मार्गवृक्ष : उत्सर्ग आणि संगोपन

(मठाच्या वर्धापनोत्सवप्रसंगी झालेल्या व्याख्यानाचा पाठ)

गृहस्थाच्या सत्कर्मांचे धर्मशास्त्राने दोन वर्ग केले आहेत : इष्ट आणि पूर्त. अग्निहोत्र, यज्ञ, व्रत ही इष्टकर्मे होत; विहीर, तळे, देवालय, अन्नछत्र, उपवन आणि वृक्षारोपण ही पूर्तकर्मे होत. इष्टकर्माचे फल प्रथम कर्त्याकडे जाते. पूर्तकर्माचे फल मात्र ज्याचे नावगाव कर्त्यास ठाऊक नाही अशा तहानलेल्या, थकलेल्या पांथस्थाकडे प्रथम जाते. मार्गाच्या कडेला लावलेला वृक्ष हे या पूर्तधर्माचे अत्यंत निर्मळ रूप मानावयास हरकत नाही. कारण त्याच्या छायेचे मोल कोणी मागत नाही, आणि ती कोणी घेतली याची नोंदही राहत नाही.

मत्स्यपुराणात या विषयाची एक चढती श्रेणी सांगितली आहे. दहा कूपांच्या बरोबरीची एक वापी, दहा वापींच्या बरोबरीचा एक जलाशय, दहा जलाशयांच्या तोलाचा एक पुत्र, आणि दहा पुत्रांच्या तोलाचा एक वृक्ष, अशी ती श्रेणी आहे. वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभात हे वचन सांगितले जाते व श्रोते संतोष पावतात. परंतु पुराणकाराने वृक्षाची तुलना पुत्राशीच का केली, याचा विचार क्वचितच होतो. पुत्राचा जन्म ही एका दिवसाची घटना आहे. त्याचे संगोपन ही वर्षानुवर्षांची तपश्चर्या आहे. जन्मोत्सव साजरा करून बालकाला वाऱ्यावर सोडणाऱ्या पित्याला पुत्रवान म्हणून कोणी गौरवीत नाही. मग रोप लावून निघून जाणाऱ्यास वृक्षदाता म्हणून गौरवावे काय? आजच्या विवेचनाचा मुख्य प्रश्न हाच आहे.

त्याच पुराणात वृक्षोत्सवाचा विधी आला आहे. सर्व पूर्तकर्मांच्या शेवटी उत्सर्ग असतो. म्हणजे यजमान त्या वस्तूवरील आपले स्वत्व सोडून ती सर्व भूतांना अर्पण करतो. उत्सर्गानंतर ते तळे त्याचे राहत नाही, तो वृक्षही त्याचा राहत नाही. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. उत्सर्ग हा स्वत्वाचा त्याग आहे, पालकत्वाचा त्याग नव्हे. फळ माझे नव्हे असे म्हणणे हा धर्म. पाणी घालणे माझे काम नव्हे असे म्हणणे हा प्रमाद. रस्त्याकडेच्या वृक्षाचे सारे दुर्दैव या दोन वाक्यांची गल्लत झाल्यामुळे ओढवले आहे. तो सर्वांचा आहे, म्हणून तो कोणाचाच राहिलेला नाही.

राजधर्माने हे कर्तव्य फार पूर्वी ओळखले होते. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत आणि स्तंभलेखांत मार्गांवर वड लावल्याचे, आम्रवने निर्माण केल्याचे व विहिरी खणविल्याचे नमूद केले आहे. आणि ही छाया मनुष्यांसाठी तशीच पशूंसाठीही आहे, हे सांगावयास तो विसरलेला नाही. शेरशहा सूरीने सोळाव्या शतकात आपल्या राजमार्गांच्या दुतर्फा झाडे लावली व सराया उभारल्या. विशेष हे की दोघांनीही झाडासोबत पाण्याची व विसाव्याची सोय केली. ज्या मार्गावर पाणी आहे तेथे माणूस थांबतो, आणि जेथे माणूस थांबतो तेथे झाडाकडे कोणाचे तरी लक्ष राहते.

आता आदिलाबादकडे वळू या. हा जिल्हा भाषांचा संगम आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तो तेलंगणात आला आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा बदलत राहिल्या, तरी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील लोकांचे येणेजाणे, सोयरीक आणि बाजारहाट चालूच आहे, आणि ती ज्या रस्त्यांनी चालते त्या रस्त्यांवरील झाडांना दोन दोन नावे आहेत. मराठीभाषक ज्याला वड म्हणतो त्याला तेलुगुभाषक मर्री म्हणतो. पिंपळाला रावी, कडुनिंबाला वेपा, चिंचेला चिंता आणि मोहाला इप्पा म्हणतो. नावे भिन्न असली तरी सावली एकच आहे.

या प्रदेशात सावलीची महती सांगण्यासाठी कोणत्याही ग्रंथाची आवश्यकता नाही. वैशाखात येथील पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. कापसाच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात. सागाच्या वनातून जाणाऱ्या वाटेवरही सावली मिळत नाही, कारण साग नेमक्या त्याच काळात पर्णहीन होतो. अशा वेळी डोक्यावर ओझे घेऊन बाजाराला निघालेली स्त्री, मोटारगाडीची वाट पाहणारा वृद्ध, सुटीच्या दिवशी गुरे वळणारा विद्यार्थी यांना एका कडुनिंबाचा आश्रय म्हणजे काय, हे त्यांनाच विचारावे.

पांथस्थ आणि वृक्ष यांचे नाते येथील आदिवासी बांधवांनी धर्माचरणातच गुंफले आहे. केसलापूरच्या नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. त्यापूर्वी मेस्राम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे जल आणण्यासाठी अनवाणी पायी जातात, आणि परत आल्यावर केसलापूरच्या वडांखाली मुक्काम करून मगच पुढील विधींस आरंभ करतात. ते वड नसते तर त्या यात्रेचा एक टप्पाच नाहीसा झाला असता. वृक्ष हा तेथे शोभेची वस्तू नाही. तो यात्रेचा यजमान आहे.

परंतु पायी चालणाऱ्यांचा रस्ता आणि वाहनांचा रस्ता यांत आता अंतर पडले आहे. वाराणसी–कन्याकुमारी महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाणारा मार्ग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, गुडीहत्नूर, इचोडा, नेरडीगोंडा, निर्मल असा दक्षिणेस जातो. श्रीनगर–कन्याकुमारी महामार्ग क्रमांक ४४ चा तो आता भाग आहे. रस्ता रुंद होतो तेव्हा पहिला बळी कडेच्या जुन्या झाडांचाच पडतो. ही केवळ एका जिल्ह्याची व्यथा नाही. हैदराबादहून विजापूरकडे जाणाऱ्या मार्गावर चेवेल्ला परिसरात सुमारे ९०० जुने वड आहेत. रुंदीकरणात ते जाऊ नयेत म्हणून नागरिकांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत दाद मागावी लागली. सांगली जिल्ह्यातील भोसे येथील सुमारे चारशे वर्षांचा वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आखणीत सापडला होता. लोकांनी आवाज उठविल्यावर २०२० साली आखणी बदलून तो मार्गातून वगळण्यात आला. या उदाहरणावरून एवढे सिद्ध होते की रस्ता थोडा वळविता येतो. चारशे वर्षे मात्र वळवून परत आणता येत नाहीत.

या संदर्भात मराठ्यांच्या राजनीतीचा ग्रंथ जे आज्ञापत्र, त्यातील विवेक स्मरणीय आहे. आरमारास लाकूड हवे, हे त्यात मान्य केले आहे. सागादी वृक्ष अनुमतीने तोडावेत असेही सांगितले आहे. परंतु आंबा, फणस यांसारख्या झाडांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे दीर्घकाळ जतन केलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहत नाही, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच असेल, तर धन्याला राजी करून व मोल देऊन ते घ्यावे, असेही तेथे म्हटले आहे. राज्याची गरज आणि वृक्षाचे जतन यांत मेळ कसा घालावा, याचा हा वस्तुपाठ होय.

कौटिल्याने तर वृक्षाला होणाऱ्या इजेची पायरीपायरीने गणना केली आहे. नगराच्या उपवनातील फुले, फळे वा छाया देणाऱ्या झाडाचा कोंब तोडल्यास ६ पण, लहान फांदी तोडल्यास १२, मोठी फांदी तोडल्यास २४, आणि खोड तोडल्यास त्याहून मोठा दंड. सीमेवरच्या आणि देवस्थानाच्या वृक्षांसाठी हेच दंड दुप्पट. जाहिरातीचा फलक लावण्यासाठी झाडाच्या खोडात खिळे ठोकणारा, बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून मुळांचा श्वास कोंडणारा, विजेच्या तारांच्या निमित्ताने एका बाजूच्या सर्व फांद्या छाटून झाड कलते करणारा, यांना कौटिल्याच्या न्यायासनापुढे उभे केले असते तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा झाला असता.

झाडे गेली, तशी नवी लावण्याचा उत्साहही देशात कमी नाही, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १९४८ साली हैदराबादेत भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून राहिलेले कन्हैयालाल मुनशी यांनीच पुढे केंद्रीय मंत्री या नात्याने १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा देशभर सुरू केली. तेलंगणात २०१५ साली हरितहारम् हा उपक्रम सुरू झाला, आणि राज्याचे वृक्षाच्छादन २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर नेण्याचे ध्येय त्यापुढे ठेवण्यात आले. रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावणे हे त्याचे एक प्रमुख अंग होते. ४ जुलै २०२१ रोजी तर आदिलाबाद येथे एका तासात दहा लक्ष रोपे लावण्याचा मोठा समारंभ झाला. हजारो हात एकाच वेळी मातीला लागले, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि तासाच्या हिशेबाने लावलेले रोप जगते ते वर्षांच्या हिशेबानेच. हे कायद्यानेही ओळखले आहे. तेलंगणाच्या २०१८ च्या पंचायत राज अधिनियमाने प्रत्येक ग्रामपंचायतीस रोपवाटिका ठेवण्याचे बंधन घातले, आणि लावलेल्या रोपांपैकी किमान ८५ टक्के जगविण्याचे उत्तरदायित्व गावच्या कारभाऱ्यांवर टाकले. लावलेल्या रोपांची संख्या न मोजता जगलेल्यांची मोजावी, हा दहा पुत्रांच्या उपमेतला अर्थच कायद्याच्या भाषेत उतरला आहे.

मग रोप जगते कसे? येथे वराहमिहिराची बृहत्संहिता साहाय्यास येते. सहाव्या शतकातील या ज्योतिर्विदाने वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. दोन झाडांमधील अंतर २० हात असावे हे उत्तम, १६ हात हे मध्यम, आणि १२ हातांहून कमी असू नये, असे तो सांगतो. पाण्याविषयी त्याचा नियम असा की उन्हाळ्यात सकाळ-सायंकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यातही जमीन कोरडी पडल्यास पाणी द्यावे. पावसाळ्यातील खंडाचाही विचार ज्याने केला, त्याने दख्खनचा श्रावण पाहिला असावा असे वाटते.

या नियमावरून आजचा हिशेब मांडून पाहावा. वीस हात म्हणजे तीस फूट, अर्थात सुमारे नऊ मीटर. म्हणजे एक किलोमीटर रस्त्याच्या एका बाजूस सुमारे ११० आणि दोन्ही बाजूंस मिळून २२० झाडे बसतात. दिवसातून दोन वेळा पाणी घालणे आजच्या मनुष्यबळास झेपणार नाही हे गृहीत धरू. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक खेपेस दहा लिटरची एक घागर, एवढाच नेम धरला, तरी फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या सतरा आठवड्यांत एका रोपास ३४ घागरी लागतात. रोपाची मुळे खोल जाऊन ते स्वतःच्या बळावर उभे राहण्यास तीन उन्हाळे धरावेत. तीन उन्हाळ्यांच्या मिळून सुमारे शंभर घागरी झाल्या.

सज्जनहो, मार्गवृक्षाचे खरे मोल या शंभर घागरींत आहे. रोपवाटिकेतील रोप थोडक्या पैशांत मिळते, खड्डा एका सकाळी होतो, छायाचित्र एका क्षणात निघते. जो रोप लावतो तो शंभर घागरींचे ऋण शिरावर घेतो. ते फेडण्याची तयारी नसेल तर दहा रोपांऐवजी एकच लावावे. त्यात पुण्याची हानी नाही. आणि हे ऋण फेडणे अशक्यही नाही. २०१९ पासून तेलंगणातील ग्रामपंचायतींना ट्रॅक्टर व पाण्याचा टँकर मिळाले; पाच हजार लिटरचा टँकर असेल तर दुतर्फा दोन किलोमीटर रस्ता एका भरण्यात भिजतो. जेथे टँकर जात नाही तेथे रोपाजवळ मातीचे मडके पुरून, त्याच्या तळाच्या छिद्रात सुताची वात घालून ठेवावी. पाणी झिरपत मुळांशी जाते आणि उन्हात उडून जात नाही.

काळ्या जमिनीत आणखी एक सावधगिरी हवी. उन्हाळ्यात ती जमीन फाटते तेव्हा कोवळी मुळेही तुटतात. यास्तव आळ्यात पालापाचोळा, गवत वा भुसा पसरून ओल राखावी. खड्डा पावसाळ्यापूर्वीच खणून उन्हात तापू द्यावा. रस्त्याकडेला वीतभर रोप लावू नये; शेळीच्या तोंडापेक्षा उंच, पुरुषभर वाढलेले रोप लावावे. पिशवीत गोल गुंडाळलेली मुळे मोकळी करावीत. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे; लोखंडी जाळी घातली तर खोड जाड होताच ती काढावी, नाहीतर जो रक्षक तोच गळफास ठरतो. उन्हाळ्यात शेतकरी बांध आणि पऱ्हाट्या जाळतात, ती आग रस्त्याकडेच्या वाळल्या गवतातून रोपांपर्यंत पोहोचते. म्हणून माघ-फाल्गुनात रोपांभोवतीचे गवत काढून टाकावे.

वृक्षाची निवडही विचारपूर्वक व्हावी. मोकळ्या, रुंद कडेला वड व पिंपळ. वस्तीजवळ कडुनिंब व करंज, कारण ऐन उन्हाळ्याच्या तोंडी त्यांना नवी पालवी येते. ओढ्याकाठच्या सखल भागी जांभूळ. आणि दीर्घायुषी, वादळाला न डगमगणारी चिंच. मूळचा मादागास्करचा गुलमोहर डोळ्यांना सुखवितो, परंतु त्याच्या फांद्या वाऱ्याने लवकर मोडतात. वर्दळीच्या रस्त्यावर तो नसलेला बरा.

येथे शेतकऱ्याचा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. रस्त्याला लागून ज्याचे कापसाचे शेत आहे, त्याच्या कडेच्या तासांवर झाडाची सावली पडते, मुळे ओल ओढतात आणि पीक खुरटते. त्याचे हे म्हणणे खोटे नाही. पांथस्थाच्या पुण्याचा भार एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? यावर उपाय दोन. शेताच्या बाजूच्या खालच्या फांद्या वेळच्या वेळी छाटून सावली विरळ ठेवावी. आणि चिंच, जांभूळ, करंज यांच्या फळांचा व बियांचा हक्क ग्रामसभेने लगतच्या शेतकऱ्यास द्यावा. ज्याला फळ मिळते तो झाडाच्या मुळाशी आग लावीत नाही. धर्म आणि व्यवहार येथे परस्परांचे शत्रू नाहीत.

हे सर्व बोलणे सोपे, आचरणे कठीण, असे कोणी म्हणेल. त्याने कर्नाटकातील सालुमरद तिम्मक्का यांचे स्मरण करावे. मोलमजुरी करणारे हे निपुत्रिक दांपत्य. पतीचे नाव चिक्कय्या. त्यांनी हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस अशी वडाची रोपे लावली. लांबून घागरींनी पाणी आणले, काट्यांची कुंपणे घातली, आणि सुमारे चार किलोमीटर मार्गावर ३८५ वड उभे केले. एका वर्षात जेवढी जगविता येतील तेवढीच लावावयाची, हे त्यांचे शास्त्र होते. कन्नडमध्ये सालुमर म्हणजे झाडांची रांग. लोकांनी त्यांना नाव दिले ते या रांगेवरून. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दहा पुत्रांची उपमा या निपुत्रिक मातेने अक्षरशः खरी केली. तेलंगणातच खम्मम जिल्ह्यातील दरिपल्ली रामय्या यांनी सायकलवरून बिया व रोपे घेऊन रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडा हिरव्या केल्या. २०१७ साली पद्मश्रीने गौरविले गेलेले हे वनजीवी २०२५ च्या एप्रिलमध्ये निवर्तले. त्यांनी लावलेली झाडे आजही सावली देत आहेत.

आणि संगोपन केवळ बालवृक्षाचे नव्हे. महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्री या शेकडो वर्षांच्या वडास वाळवीने पोखरले, तेव्हा २०१८ साली त्याला रुग्णाला सलाईन द्यावे तसे थेंबथेंब औषध देऊन वाचविण्याचा यत्न झाला. वृद्ध मातापित्यांची शुश्रूषा ज्या घरात होते, तेथेच बालकेही नीट वाढतात. गावाचेही तसेच आहे.

कालिदासाची शकुंतला आश्रमवृक्षांना पाणी घातल्यावाचून स्वतः पाणी प्राशन करीत नसे. ते वृक्ष तिच्या मालकीचे नव्हते. ती उद्या सासरी जाणार होती, हेही तिला ठाऊक होते. तरीही तिचा नेम चुकला नाही. स्वत्वाचा त्याग आणि पालकत्वाचा स्वीकार एकाच ठायी कसे नांदतात, हे येथे दिसते. गावोगावच्या मठांनी, पाठशाळांनी, शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी हा नेम वाटून घ्यावा. आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा पत्करावा; प्रत्येक रोपाला एक पालक नेमून द्यावा; वहीत लावल्याची तारीख लिहावी, आणि पुढील तीन ज्येष्ठ महिन्यांत रोप जिवंत असल्याची नोंद करावी. तिसऱ्या ज्येष्ठाची नोंद झाली म्हणजेच उत्सर्ग पूर्ण झाला असे समजावे. त्या दिवशी वृक्ष खऱ्या अर्थाने सर्वांचा होतो. मराठी बोलणाऱ्याचा, तेलुगु बोलणाऱ्याचा, गोंडी बोलणाऱ्याचा, आणि काहीच न बोलता त्याच्याखाली येऊन उभ्या राहणाऱ्या गुरावासराचाही.

शुभं भवतु.